राणीच्या दारावरची जाळी

७ नोव्हेंबर १९९३, रविवार. बुवापाडा, अंबरनाथ

ह्या दोन हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहून ठेवतो.

मधमाशांच्या पेट्या नऊ. जुन्या सागाच्या फळ्या, सांध्यात एकही खिळा नाही. पेटीच्या आत टांगायच्या चौकटी, ज्यांत माश्या पोळं बांधतात, त्या ऐंशी. कुठलीही चौकट कुठल्याही पेटीत घाला, अडणार नाही आणि खुळखुळणारही नाही. मध काढायचं यंत्र एक, पत्र्याच्या पिंपाचं, सायकलच्या दातेरी चक्रावर चालणारं. धूर द्यायचं धुराडं एक, भाता रेक्झिनचा. चौकट उचकटायची पट्टी एक, करवतीच्या पात्याची, तापवून पाणी मी स्वतः दिलेलं. आणि राणीच्या दारावरच्या पितळी जाळ्या नऊ.

जाळीबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे. आपली सातेरी माशी घर सोडण्यात पटाईत. काही मनाविरुद्ध झालं की राणीसकट सगळ्या उठून जातात, सकाळी पेटी रिकामी. म्हणून पेटीच्या दारावर फटींची पट्टी लावायची. कामकरी माशी फटीतून ये-जा करते, राणी अंगाने मोठी, ती अडते. राणी अडली की सगळी वसाहत थांबते. बाजारात मिळते ती पत्र्याची, फटी दारू प्यायल्यासारख्या. माझी फट पावणेचार मिलिमीटर, नऊही जाळ्यांत तीच. कडा बफ केलेल्या, माशीचा पंख फाटू नये म्हणून.

शिक्षण सातवी. आयटीआय नाही, गुरू नाही. एमआयडीसीतल्या कंपनीत टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. तिथल्या एका साहेबाने भर मीटिंगमध्ये 'हे लोक नुसते हाताने विचार करतात' असं म्हटलेलं अजून कानात आहे. कंपनीला टाळं लागून दोन वर्षं झाली. तेव्हापासून पूर्णवेळ माश्या, त्याआधी सहा वर्षं फक्त सुट्टीच्या दिवशी. पेट्या बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वाटेवर, मेहुण्याच्या म्हणजे कोंडाजीच्या शेताच्या बांधावर. मार्चात जांभूळ फुलेल, तेव्हा ह्या नऊ पेट्या माश्यांनी गच्च भरलेल्या असल्या पाहिजेत. असल्या तर मी मधवाला. नसल्या तर टाळं लागलेल्या कंपनीतला एक माणूस. हे बायकोला, कुंदाला, बोलून दाखवलेलं नाही.

डायरी कुंदानेच दिली. ती उल्हासनगरच्या परसराम शेठकडून जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणते, त्याने ही उरलेली दिली. जानेवारी ते ऑक्टोबर कोरे. असू दे.

आज सात नंबरच्या पेटीपुढे एक पांढरी अळी पडलेली दिसली. पोळ्यातून पडली असेल.

१० नोव्हेंबर

पडलेली नव्हती. फेकलेली होती.

सात नंबरपुढे पोतं अंथरून पालथा पडलो आणि बघत राहिलो. एक माशी दारातून मागे मागे येत बाहेर आली. तोंडात अळी. पूर्ण वाढलेली, दहा-बारा दिवसांत कोष करून माशी झाली असती अशी. फटीतून ती निघेना तेव्हा दुसरीने येऊन हात लावला. दोघींनी ओढून काढली. मग पहिलीने तिला उचललं, धडपडत उडाली आणि पलीकडे करवंदीच्या जाळीवर नेऊन टाकलं. परत येऊन आत. लगेच दुसरी अळी.

आठ वर्षं माश्या ओळखतो. ह्याच माश्या ह्याच अळ्यांना रात्रंदिवस भरवतात.

कोंडाजी बैल सोडून आला. म्हणाला, "काय दाजी, पोट दुखतंय का?"

"इकडे ये. बघ. पोरं बाहेर टाकतायत."

तो उकिडवा बसला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्या माश्या न्हाईत दाजी, कसाई हाईत. तुमी उगा जावई करून ठिवल्यात."

बाकी आठ पेट्यांची दारं आरशासारखी. टूलरूममध्ये दर शनिवारी मी मशिनं तपासायचो. ज्याच्या मशिनखाली चुरा, त्याला लाल टिकली. ज्याची फरशी स्वच्छ त्याचं काम चांगलं, हा नियम बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. सात नंबरवर ऑइलपेंटने लाल टिकली काढली.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

कुंदा ओवाळायला आली म्हणून सगळेच शेतावर. जेवण झाल्यावर मी पेट्यांकडे. कोंडाजीची बायको गोजरबाई म्हणाली, "भावजी, माश्यास्नी पण ओवाळून येताव का?" सगळे हसले. हसू देत.

सात नंबर उघडली. पोळ्यात जिकडेतिकडे भगदाडं. मेणाची झाकणं कुरतडलेली, घरं रिकामी. दया आली. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे दुसऱ्याचं पोर दत्तक द्यावं, तसं करायचं ठरवलं. नऊ नंबरमध्ये अळ्यांची सर्वांत भरलेली चौकट होती. ही वसाहत दसऱ्याला कर्जतकडच्या एका माणसाकडून पोळ्यांसकट विकत घेतली. अंग धरलेली, शांत. ती चौकट काढून सात नंबरमध्ये घातली. सर्रकन बसली. नऊला बदली चौकट दोन नंबरची, दोनला तीनची. सगळ्यांचं बळ सारखं राहिलं पाहिजे. अशी अदलाबदल मी नेहमीच करतो. ज्याची मापं वाकडी त्याला हे जमायचं नाही.

मात्र नऊच्या त्या चौकटीत काही झाकणांना टाचणीएवढी भोकं होती. आतल्या अळ्या डोकं वर करून, जणू खिडकीतून बघतायत. गंमत वाटली.

१८ नोव्हेंबर

विश्वास बसत नाही. दत्तक दिलेली चौकट सात नंबरवाल्यांनी उभी फाडली. तीन दिवसांत. अर्ध्याहून जास्त अळ्या ओढून बाहेर. करवंदीखाली पांढरा सडा, त्यावर मुंग्यांची रांग.

हे क्रौर्य राणीच्या रक्तातच असणार. राणी जशी, तशी प्रजा. राणी मारायची आणि माश्या एक नंबरमध्ये मिसळायच्या. कोंडाजीला सांगितलं. तो म्हणाला, "आता सुगीत कुटं खून पाडताय? भात झोडून हू द्या. म्या पण यीन धरायला." ह्याला प्रत्येक गोष्टीत तमाशा दिसतो. पण त्याच्या जमिनीवर त्याच्या पाठीमागे नको. भात होईपर्यंत थांबतो.

संध्याकाळी घरी कुंदाला सांगितलं. धागे कापता कापता म्हणाली, "काही कारण असेल हो त्यांचं."

"पोटच्या पोराला फेकायला काय कारण?"

"मी कुठे म्हणते मला माहीत आहे. असेल, एवढंच म्हटलं."

२३ नोव्हेंबर

पाचव्या पेटीतही ती खिडकीची झाकणं. आता गंमत वाटत नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

पेट्या उघडल्या त्या क्रमानेच लिहितो.

नऊ नंबर उघडली आणि झाकण तसंच हातात राहिलं. पोळंच्या पोळं मेलेलं. अळी चिमट्याने उचलली तर ती अळी नव्हतीच, पाण्याने भरलेली पातळ पिशवी होती. डोक्याकडचं टोक काळं पडून वर वळलेलं, होडीच्या नाळेसारखं. चिमटा जरा दाबला आणि पिशवी फुटली. पाणी बोटावर आलं. पँटला बोट पुसलं. मग दोन नंबर उघडली, तेच. तीन, तेच. पाचमध्ये अर्धं. आठमध्ये सुरुवात. माझ्या आरशासारख्या पेट्या! दारात एक अळी पडलेली नाही, एक डाग नाही, आणि आत नुसतं स्मशान. मोठ्या माश्या त्या मड्यांवर तशाच उभ्या होत्या. कोणी काही करत नव्हतं.

पहिला संशय एमआयडीसीच्या धुरावर. पण धूर इतक्या लांब येतो का? दुसरा संशय शेजारच्या वाडीत वांग्यांवर मारलेल्या औषधावर. कोंडाजीला विचारलं तर म्हणाला औंदा वांगी लावलीच नाहीत. तिसरा संशय लिहीत नाही. लिहिला तर कुंदा म्हणेल, तुम्हीसुद्धा दृष्ट लागण्यावर विश्वास ठेवायला लागलात.

टूलरूममधले आमचे जुने फोरमन शंकरराव, त्यांची मुलगी पद्मजा उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला निरोप धाडावा लागला. मी कधी कोणाला विचारायला गेलेलो नाही. पाचमध्ये खिडक्या दिसल्यापासून उद्या जाईन म्हणत पाच दिवस घालवले होते, आज शंकररावांकडे जाऊन निरोप ठेवला.

५ डिसेंबर, रविवार

पद्मजा आली. भिंग घेऊन. दुपारभर उन्हात बसली, टोपीसुद्धा नाही. मला काका म्हणते. मी तिला लहानपणी टूलरूमच्या रंध्याच्या सालींचं फूल करून दिलेलं तिच्या लक्षात आहे.

निदान लगेच झालं. विषाणूचा रोग, अळ्यांना होतो, अळीची पिशवी होते. थायलंडच्या नावाने ओळखतात. दक्षिणेत दोन वर्षांपूर्वी शिरला, तिकडे गावंच्या गावं माश्यांवाचून बसली आहेत.

"औषध कुठलं?" मी विचारलं.

"नाही काका. औषध नाही."

"नाही म्हणजे? काहीतरी असेलच."

"आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे आहे थोडं." मग ती सात नंबरपुढे पोत्यावर पालथी पडली, मी पडलो होतो तशीच. माश्या ओढून काढत होत्या. ती म्हणाली, "ह्या मारत नाहीयेत, काका. अळी आजारी पडली की झाकणाखालून ह्यांना वास लागतो. आपल्याला दिसायच्या आत. मग झाकण फाडतात, ओढतात आणि लांब नेऊन टाकतात, आतला रोग घरात सांडायच्या आत. एका माशीला ताप आला तर बाकीच्यांनी काय करायचं, दवाखाना थोडाच आहे? सगळ्यांनी मिळून घर स्वच्छ ठेवणं हाच त्यांचा दवाखाना. मुंग्यासुद्धा मेलेली मुंगी वारुळात ठेवत नाहीत. पण सगळ्या वसाहतींना हे सारखं येत नाही. काहींचं नाक तिखट, काहींचं मंद. ह्या सात नंबरचं नाक चांगलं आहे."

मी लाल टिकलीकडे बघत होतो. तिनेही बघितलं. "हे काय, खूण केलीत? बरं केलंत, हीच जपायची."

म्हटलं, "हो."

कोंडाजी पाणी घेऊन आला होता, तो तोंड दाबून हसत होता. आठवडाभरात त्याचं भात होणार होतं आणि मी राणी मारणार होतो. पेटीवर हात टेकून उभा राहिलो.

ती पुढे म्हणाली, आजारी मोठी माशीही पुष्कळदा आपणहून बाहेर जाते आणि परत येत नाही. आणि घर अगदीच नासलं तर सगळं पोळं मागे टाकून वसाहतच उठून जाते, रोग तिथेच सोडून. हे ऐकून मी म्हटलं, त्या बाबतीत तरी माझ्याकडे काळजी नाही, आणि तिला जाळी दाखवली. फटींचं माप सांगितलं. तिने जाळी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "फार सुंदर काम आहे, काका," म्हणाली. मग विचारलं, "चौकटी ह्या पेटीतल्या त्या पेटीत घालता का कधी?"

म्हटलं, कधी म्हणजे, दर आठवड्याला. तिला करून दाखवलं. एकची तीनमध्ये, तीनची आठमध्ये, सर्रकन. ऐंशीच्या ऐंशी चौकटी एका मापाच्या, अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही, हे समजावून सांगितलं. ती गप्पच झाली. शिकलेल्या माणसाला हातकाम असं जवळून बघायला कुठे मिळतं?

जाताना एवढंच म्हणाली, "काका, सध्या काही हलवू नका. आणि हात धुवा." मी तिला सोडायला बसस्टॉपपर्यंत गेलो. वाटेत दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि बोलली नाही.

९ डिसेंबर

भात झालं. राणी मारायची नाही म्हटल्यावर कोंडाजी हिरमुसला. खळ्यावर चहा पिताना म्हणाला, "दाजी, रागवू नका, पर येक इचारू? गावात देवी आली व्हती तवा आमचा आजा म्हनायचा, पावना घिऊ नका आनि पावना धाडू नका. तुमच्या चौकटी म्हंजी निस्ते पावनेच की. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. बरं, कुटं बी मावत्यात."

तो सहज बोलला. बोलून बिडी पेटवली आणि गोजरबाईला गूळ आणायला ओरडला.

कप हातात तसाच धरून मी चौकटी मोजायला लागलो. नऊची चौकट सातला. दोनची नऊला. तीनची दोनला. त्याआधी, दसऱ्यापासून, नऊच्या दोनला आणि तीनला, तीनची पाचला, पाचची आठला. उचकटायची पट्टी एकच, सगळ्या पेट्यांना तीच. ज्या बोटावर पिशवी फुटली तेच बोट त्याच दुपारी दोन, तीन, पाच आणि आठमध्ये. रोगाला स्वतःला पंख नाहीत. एका पेटीतून दुसरीत जायला त्याला महिने लागले असते. मी त्याला उचलून नेऊन बसवला, पाहुण्यासारखा, मापात.

पद्मजाला हे त्या रविवारीच कळलं होतं. म्हणून ती गप्प होती.

कोंडाजी म्हणाला, "काय झालं? चा गोड न्हाई का?"

म्हटलं, "गोड आहे."

१२ डिसेंबर, रविवार

आज जे बघितलं ते लिहितो, पण ते बघितलंय यावर अजून विश्वास बसत नाही.

तीन नंबरच्या दारावर आतून माश्यांचा गठ्ठा. बाहेरच्या बाजूला शेदोनशे माश्या जाळीवर फिरत, आत जात, पुन्हा बाहेर येत. हवेत घोंघाट. ह्या निघाल्या होत्या. कधीपासून निघाल्या होत्या कोण जाणे. वसाहत उठायची, हवेत फिरायची, राणी येत नाही म्हणून परत येऊन त्याच मड्यांवर बसायची. मी जाळी काढली. जाळीच्या आतल्या बाजूला राणी होती. मेलेली. डोकं आणि पुढचे पाय पावणेचार मिलिमीटरच्या फटीतून बाहेर, बाकी अंग आत. कडा बफ केलेल्या असल्यामुळे तिला कुठे ओरखडा नव्हता.

मी तिला फटीतून सोडवायला गेलो. सुटेना. माप चुकलेलं नव्हतं.

मग कसा माहीत नाही, पण पेटी पेटीवरून धावत सुटलो. पक्कड घ्यायला कोंडाजीच्या घरात गेलो नाही, नखांनी खिळे उपटले. कोंडाजी "दाजी, दाजी" करत मागे. नऊ नंबर आधीच संपलेली, दोन संपलेली. पाचमध्ये मूठभर. एक, चार, सहा, आठ ह्यांत जीव होता. नऊही जाळ्या काढल्या. सात नंबरचीसुद्धा काढताना हात थांबला. ही गेली तर काहीच राहत नाही. कोंडाजीकडे बघितलं. तो पहिल्यांदाच हसत नव्हता. काढली.

एक नंबर दुपारीच गेली. पेटीतून धूर निघावा तशी वर गेली, आंब्याच्या शेंड्याभोवती एक फेरी, मग डोंगराच्या अंगाला. राणी त्यांच्यात असणार. मी मान वर करून उभा राहिलो. आठ वर्षांत जे होऊ दिलं नाही ते माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी "जा, जा" म्हणत होतो. मोठ्याने म्हणत होतो असं नंतर कोंडाजीने सांगितलं.

१५ डिसेंबर

चार आणि सहा गेल्या. आठ गेली. जाळी नव्हती तेव्हा किती सोपं होतं त्यांना.

सात नंबर जागेवर. फेकतायत.

२ जानेवारी १९९४, रविवार

डायरी संपली, कोऱ्या राहिलेल्या जानेवारीच्या पानावर लिहितो.

कोंडाजीने बांधाशी खड्डा खणला. रोगट पोळी सगळी जाळली. चौकटीही जाळायच्या ठरल्या. साठेक चौकटी आगीत टाकल्या, मोजल्या नाहीत. साग चांगला जळतो. कुंदा आली होती. मी एक एक उचलून देत होतो आणि ती टाकत होती. मध्येच म्हणाली, "ह्या एवढ्या करताना तुमची पाठ धरली होती, मी तेल लावत होते." बस, तेवढंच. पेट्या सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने धुतल्या.

सात नंबरला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. लांब बसून बघायचं. हे सगळ्यांत कठीण काम निघालं. हाताला सवय नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

करवंदीखाली आज काही नाही. कालही नव्हतं. भिऊन लिहितो.

पद्मजाला कोंडाजीच्या शेतावर तिळगूळ द्यायला बोलावलं. खरं म्हणजे तिला विचारायचं होतं, त्या दिवशी का बोलली नाहीस. विचारलं नाही. तिनेच तिळगूळ देताना म्हटलं, "काका, तुम्ही इतक्या प्रेमाने दाखवत होतात." मग आम्ही दोघे सात नंबर बघायला गेलो. तिच्या परवानगीने, सोड्याने हात धुऊन, एकच चौकट वर काढली. झाकणं घट्ट, बदामी रंगाची, सगळी बंद. एका कडेला नवी माशी आतून झाकण कापत होती. आधी मिशा, मग डोकं. बाहेर आली, ओली, पांढुरकी, आणि पहिलंच काम काय केलं तर जिथून निघाली त्या घरात परत डोकं घालून ते साफ करायला लागली. पद्मजा म्हणाली असंच करतात. मला माहीत होतं. शेकडो वेळा बघितलेलं. पण आज ती घर पूर्ण साफ करेपर्यंत चौकट तशीच धरून बघत राहिलो.

लाल टिकली पुसायची म्हणून रॉकेलचा बोळा घेतला होता. पद्मजा म्हणाली, राहू द्या, ओळखायला बरी. ठेवली. जो बघेल त्याला वाटेल की मीच ओळखलं होतं. कोंडाजी सोडून.

६ फेब्रुवारी, रविवार

गोजरबाईच्या गोठ्याच्या आढ्यात माश्या बसल्यात. तिने निरोप धाडला तो असा: "भावजींना सांगा, त्यांच्या लेकी माहेरी आल्यात, घिऊन जावा न्हायतर म्हैस पिळू देत न्हाई." जाऊन बघितलं. एक नंबरची की चारची, कोणाला माहीत. टॉर्चने बघितलं. पोळं नवं, पांढरं. झाकणं बंद. मोकळ्या पेटीत घालू शकलो असतो. धुराडं हातात होतं.

नेलं नाही. गोजरबाई रागावली. तिला म्हटलं, म्हशीला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधतो, मी स्वतः दावण हलवतो. ती म्हणाली, "काय येडं झालंय ह्ये." दावण हलवून दिली. कोंडाजी हसून हसून खाटेवर पडला.

२० फेब्रुवारी, रविवार

परसराम शेठ घरी आले. स्वतः. बुवापाड्यात त्यांची गाडी वळेना तेव्हा नाक्यावर ठेवून चालत आले. कुंदाला वाटलं धाग्यांच्या कामात काही चुकलं, ती पदर सावरत उभी. पण काम माझ्याकडे होतं.

शेठ कपड्यांबरोबर हार्डवेअरही बघतात आणि मधही घेतात. त्यांना दक्षिणेकडच्या मधवाल्यांकडून मागणी आली होती. तिकडे रोगाने माश्या घरं सोडून चालल्या आहेत, लोक हवालदिल आहेत, दाराला लावायची जाळी मिळेल तिथून मागवतायत. शेठने खिशातून माझीच जाळी काढली. सुरुवातीला करून बघितलेली, नऊंत न मोजलेली; ती कुंदा कधी तरी नमुना म्हणून देऊन आली होती, दिवाळीच्या आधी, मला काम मिळावं म्हणून. मला माहीत नव्हतं.

"साईं, मैंने पूरे उल्हासनगर में दिखाया," शेठ म्हणाले, "बोले, ऐसा काम मशीन पे नहीं होता. कौन से कॉलेज से सीखा आपने?"

बावीस वर्षं कंपनीत कोणी हे विचारलं नाही. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कुंदाने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा मी लग्नानंतर पहिल्या पगाराच्या दिवशी पाहिला होता.

मी जाळी हातात घेतली. खिडकीशी नेऊन फटींतून बघितलं. एकसारख्या. शेठला म्हटलं, "हे जाळीचं काम मी बंद केलंय."

"बंद? अभी तो इसका सीझन है! भाव कम है? बोलो ना."

"भाव चांगला आहे. घरात रोग असला की त्यांना जाऊ द्यायचं असतं, शेठ. तुमच्या लोकांना तेवढं कळवा. माझ्या नावाने कळवा."

शेठना कळलं नाही. त्यांना वाटलं मी अडवून बघतोय, तीन रुपये वाढवले. मी नाही म्हटल्यावर जाळी टेबलावर ठेवून गेले. कुंदा नाक्यापर्यंत पोचवून आली. आल्यावर जीन्सचा ढीग पुढे ओढला, कात्री घेतली. मग म्हणाली, "सात नंबर कशी आहे?"

"बरी आहे. जांभळाला मोहोर येतोय."

"बरं," म्हणाली, आणि धागे कापायला लागली.

हिशेबासाठी लिहून ठेवतो. राणीच्या दारावरच्या पितळी जाळ्या, फट पावणेचार मिलिमीटर, नग पाचशे, तीन वाढवून दर नगाला पंचवीस रुपये, निम्मे पैसे आगाऊ. एकूण साडेबारा हजार. नाही म्हटलं.